आग्नेय कोपऱ्यातलं पाणी

आचोळे, नालासोपारा पूर्व
३ डिसेंबर २०२४

चि. उन्नती,

वास्तुशांतीला तुला रजा मिळाली नाही, म्हणून सगळं सविस्तर कळवतो. फोनवर तुझं बोलणं मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुझी आई मला तिच्या पद्धतीने सांगते. शिवाय पोस्टात जन्म घालवलेल्या माणसाने टपालावर भरवसा ठेवायचा नाही तर कोणी?

विधी उत्तम झाला. गुरुजींनी हॉलच्या आग्नेय कोपऱ्यातली, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेली एक लादी काढायला सांगितली. गवंड्याने ती अलगद उचलली, खाली चार बोटं खोल खड्डा केला, त्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा ठेवली आणि लादी पुन्हा होती तशी बसवून दिली. आता तिथे रोज आई उदबत्ती लावते. तिसऱ्या मजल्यावरचं घर असलं तरी आपल्या जमिनीत काही पुरल्यासारखं वाटलं. आयुष्यभर पोस्टाच्या क्वार्टरमध्ये राहिलो. खिळा ठोकायचा तरी परवानगी लागे.

घर तर काय सांगू! दार इतकं भक्कम आहे की खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. खिडक्या बंद केल्या तरी हवा खेळती राहते. हॉलमधून चालताना काही लाद्यांमधून छान नाद येतो, मंदिरात आल्यासारखा. बाथरूममध्ये अंघोळीचं पाणी लगेच निघून जात नाही, जरा रेंगाळतं. मी आईला म्हटलं, त्यालाही घर आवडलेलं दिसतंय.

खालच्या मजल्यावर आल्बिनाताई आणि स्टॅनी म्हणून जोडपं आहे. मूळचे इथून जवळच्या वटार गावचे. त्या इथल्या शाळेत शिकवतात, ते रोज वटारला वाडीवर जातात आणि येताना आम्हाला केळी आणतात. मला 'मास्तर' म्हणतात. पोस्टमास्तर होतो हे आईने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं.

तब्येतीला जप. लोकरीचे मोजे वापर.

तुझे,
बाबा

❖

किन्नौर, हिमाचल प्रदेश
१३ डिसेंबर २०२४

ती. बाबा,

पत्र मिळालं. मोजे वापरते.

तुम्ही घरातल्या ज्या ज्या गोष्टीचं कौतुक केलंत, ती प्रत्येक गोष्ट दोष आहे. दार खांद्याने ढकलावं लागतं, याचा अर्थ चौकट ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नाही. बंद खिडकीतून वारा येतो, कारण चौकट आणि भिंत यांच्यामधली फट भरलेली नाही. नाद येणाऱ्या लादीखाली मसाला पूर्ण पसरलेला नसतो. ती पोकळ असते आणि एक दिवस फुटते. नाणं घेऊन सगळ्या लाद्यांवर ठोकून बघा. मी इथे बोगद्याच्या काँक्रीटवर हातोडी मारून हेच करते, त्याचा मला पगार मिळतो.

बाकी सगळं थांबू शकतं, बाथरूम थांबू शकत नाही. पाणी रेंगाळतं म्हणजे उतार चुकला आहे. बाथरूमखालचा स्लॅब मुद्दाम खोलगट ठेवलेला असतो. त्यात पाइप बसवतात, विटांचे तुकडे भरतात, पाणी जिरू नये असा थर देतात आणि वर लादी. तो थर नीट नसेल तर रेंगाळणारं पाणी त्या खोलगट भागात साठतं आणि खाली वाट शोधतं. ते जिथे बाहेर येतं तिथेच आत शिरलं असं मात्र नसतं. डाग एकीकडे आणि कारण दुसरीकडे, हे माझ्या कामात रोजचं आहे.

खाली जाऊन आल्बिनाताईंच्या छताकडे एकदा बघा. आणि बिल्डरला लेखी कळवा. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत कामातला दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, असा कायदा आहे.

आईला सांगा, फोनवर 'सगळं छान' यापलीकडे काही सांगितलं तर मला चालेल.

उन्नती

❖

आचोळे
२२ डिसेंबर २०२४

चि. उन्नती,

तुझं पत्र वाचलं. या घरात काही दोष नाही. नवीन घर आहे, बसायला वेळ लागतो. तू यापुढे असलं काही लिहू नकोस. पत्र मी घरातच वाचतो.

खालच्या छताबद्दल तू का विचारलंस? तुला कोणी काही कळवलं का?

थंडी वाढली असेल.

बाबा

❖

आचोळे
२३ डिसेंबर २०२४

प्रिय उन्नती,

हे मी खाली आल्बिनाकडे बसून लिहितेय. यांना सांगितलंय की तिला करंज्या वळायला मदत करते. खोटं नाही, एका हाताने वळतेच आहे, कागदाला पिठाचे डाग दिसतील.

यांनी तुला काही कळवलं नाही त्याचं कारण तुला समजणार नाही, पण सांगते. वास्तू 'तथास्तु' म्हणते, हे तू लहानपणापासून ऐकलंयस. घरात वाईट बोललं की ती 'तथास्तु' म्हणते आणि तसंच होतं. तुझ्या बाबांनी ते इतकं मनावर घेतलंय की ताबा मिळाल्यापासून घरात एक वावगा शब्द काढलेला नाही. दार अडकलं की म्हणतात, किती सुंदर दार. मला हसू येतं आणि रडूही.

पण आता गोष्ट हसण्यासारखी राहिली नाही. आल्बिनाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात तिचा छोटा आल्तार आहे, येशू-मारियेच्या मूर्ती असतात ना, तो. त्याच्या बरोबर वरून पाणी टपकायला लागलंय. यंदा नाताळचा गोठासुद्धा तिला तिथे मांडता आला नाही, जेवणाच्या टेबलावर मांडलाय. बिल्डरचा इंजिनिअर येऊन गेला, हर्षवर्धन नाव त्याचं, तुझ्याच वयाचा असेल. खालचा डाग बघितला, मग वर आपल्याकडे आला आणि सरळ आग्नेय कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. लादीच्या कडेचं नवं सिमेंट बघून म्हणाला, "काका, इथे खोदलंत ना? मग झालं. स्लॅबला धक्का तुमच्या पूजेने लागला. आमचा काय संबंध?"

डाग बरोबर त्याच जागेखाली आहे गं. तुझे बाबा हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटतंय, आयुष्यात एक घर घेतलं आणि त्याला आपणच भोक पाडलं, तेही देवाच्या हाताने.

संक्रांतीनंतरच्या रविवारी इमारतीची सभा आहे. हर्षवर्धन एक कागद आणणार आहे. गळती आमच्या खोदकामामुळे झाली, बांधकामात दोष नाही, असं त्यावर लिहिलेलं. बाबा सही करणार म्हणतात. आल्बिना बिचारीने नुसती बादली सरकवली.

तू फोन करशील तर ते घरात घेतील आणि 'छान आहे' म्हणतील. लिहायचं ते लवकर लिही.

आई

❖

किन्नौर
२ जानेवारी २०२५

ती. बाबा,

आईने सगळं कळवलं आहे. तिला रागावू नका. करंज्यांचं पीठ कागदावर होतं, ती खरंच मदत करत होती.

कृपा करून सही करू नका. त्या कागदाचा अर्थ फक्त 'आम्ही खड्डा केला' एवढा नाही. त्यावर सही झाली की आपल्या घराबाबत बिल्डरची पाच वर्षांची जबाबदारी संपली, आणि उद्या वरच्या-खालच्या कुठल्याही घरात पाणी गळलं तर तो हाच कागद दाखवेल. तुमच्या सहीवर सगळी इमारत टांगेल.

आता तुमच्या खड्ड्याबद्दल. चार बोटं म्हणजे गवंडी लादीखालच्या मसाल्यात थांबला, स्लॅबपर्यंत पोचलासुद्धा नसेल. आणि हॉलमध्ये पाणी असतं कुठे? फरशी पुसण्याच्या ओल्या फडक्याने बादली भरेल एवढी गळती होत नाही. तुमच्या कोपऱ्याच्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे. माझा संशय त्यावर आहे.

सिद्ध करायला सोपा मार्ग आहे. ती लादी काढा, प्रतिमा बाहेर घ्या, खड्डा तळापर्यंत साफ करा आणि स्लॅब अखंड असल्याचे फोटो काढून ठेवा. आईला हे आवडणार नाही याची मला कल्पना आहे. पण प्रतिमा परत ठेवता येते. केलेली सही परत घेता येत नाही.

आणि 'तथास्तु'बद्दल एकच विचारते. घरात चांगलं बोलल्याने वास्तू 'तथास्तु' म्हणत असेल, तर तुम्ही दाराला इतके दिवस सुंदर म्हणताय. ते सुधारलं का?

हे पत्र कठोर झालं आहे हे मला माहीत आहे. दुसऱ्यांदा लिहायला वेळ नाही, टपालाची गाडी खाली उभी आहे आणि वर ढग भरलेत.

उन्नती

❖

आचोळे
२६ जानेवारी २०२५

चि. उन्नती,

तुझं पत्र आलं नाही. तुझ्याकडे बर्फ पडून रस्ते बंद झाल्याचं टीव्हीवर दिसलं, तुझा फोनही लागत नाही. सुखरूप असशील असं धरून चालतो. मी हे इमारतीच्या जिन्यावर बसून लिहितोय. का, ते आईने तुला कळवलं आहे हे तिने मला संक्रांतीला कबूल केलं. घराबाहेर पडून वाईट बोलायचं, असा आम्ही आता तोडगा काढला आहे. गेले काही दिवस आम्ही दोघं जिन्याच्या वळणावर उभे राहून चर्चा करतो. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी आईला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, घरात सगळं ठीक आहे ना?

आता जे झालं ते क्रमाने सांगतो.

मी सही करणारच होतो. संक्रांतीला आई तिळगूळ घेऊन खाली गेली, मीही गेलो आणि आल्बिनाताईंची माफी मागितली. रविवारी सही करून मोकळा होतो म्हणालो. त्या शाळेत शिकवतात ना, त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "करा की सही, मास्तर. पण सही केल्यावर माझ्या छतातलं पाणी थांबेल का, तेवढं सांगा."

इतके दिवस मी चूक कोणाची एवढाच विचार करत होतो. पाणी कुठून येतं, हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हा तुझं वाक्य आठवलं, पाणी जिथे बाहेर येतं तिथेच शिरलं असं नसतं. मी तिथेच म्हटलं, आधी हे शोधू या.

स्टॅनी म्हणाले, खड्डा उकरून बघू. आईने साफ नकार दिला. बसलेली वास्तू हलवायची नाही, मग इमारत पडली तरी चालेल, असं जिन्यात उभं राहून म्हणाली. म्हणजे लादी न हलवता काम करायचं होतं. आल्बिनाताईंकडे नाताळच्या केकसाठी आणलेले खाण्याचे रंग उरले होते, हिरवा, लाल आणि निळा. त्या बाटल्या बघून मला सुचलं. पोस्टात एका गावची पत्रं दुसऱ्या थैलीत मिसळू नयेत म्हणून आम्ही वेगळी सुतळी बांधायचो. म्हटलं, दोन ठिकाणच्या पाण्यालाही वेगळी खूण करू.

आईने घट्ट कणीक मळली आणि कोपऱ्यातल्या त्या लादीभोवती तिची पाळ घातली, पुरणपोळीच्या पारीपेक्षा जाड. आत पाणी ओतलं आणि हिरवा रंग टाकला. वास्तूच्या डोक्यावर पाणी चालेल का, अशी शंका मीच काढली. ती म्हणाली, अभिषेकच समजा, आणि हळदकुंकू वाहून मोकळी झाली. खाली आल्बिनाताईंनी बादली काढून तिथे पांढरं कापड ताणून बांधलं. हिरवं पाणी दोन दिवस वर तसंच उभं राहिलं. खाली थेंब पडतच होते, कापड ओलं होत होतं, पण हिरव्याचा मागमूस नाही. पाळ पुसून काढली तेव्हा कणकेखालची लादीसुद्धा कोरडी.

मग बाथरूम. पिशवीत फडकं कोंबून त्याचा बोळा जाळीत बसवला, पाणी भरलं आणि लाल रंग ओतला. आम्ही दोघं अंघोळीला आल्बिनाताईंकडे जायला लागलो. तुझ्या आईने टॉवेल खांद्यावर टाकून जिना उतरण्याची सवय इतक्या लवकर लावून घेतली की मला वाटलं, आता ती वर येणारच नाही.

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी स्टॅनी धापा टाकत वर आले. हातानेच 'चला' म्हणाले. खाली गेलो. पांढऱ्या कापडाच्या मधोमध लाल ठिपका होता, अंगठ्याएवढा. आमच्यादेखत दुसरा थेंब पडला, तोही लाल. आल्बिनाताईंनी क्रुसाची खूण केली. मी, उन्नती, तुझ्या आईचा हात धरला, सगळ्यांच्या समोर. ती म्हणाली, "बघितलंत? देवाने नाही पाडलं भोक."

रविवारी सभेला हर्षवर्धन तो कागद आणि पेन घेऊन आला. मी म्हटलं, आधी दुसऱ्या मजल्यावर या. सगळी मंडळी आल्बिनाताईंच्या हॉलमध्ये जमली. त्याने कापड बघितलं आणि म्हणाला, "काका, रंग तुम्ही कुठे ओतलात हे आम्ही बघितलंय का? खड्ड्यात ओतला असेल." क्षणभर सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी वर जाऊन निळी बाटली आणली आणि त्याच्या हातात दिली. म्हटलं, हा तुम्ही ओता, तुमच्या हाताने, बाथरूममध्ये. आणि तुमचा माणूस खाली बसवा, माझा नको.

त्याने ओतला. आल्बिनाताईंनी नवीन कापड बांधलं. त्याचा सुपरवायझर खाली खुर्चीवर बसला, त्यांनी त्याला चहा, मग जेवण, मग पुन्हा चहा दिला. सोमवारी दुपारी कापडावर जांभळं उतरलं, आधीच्या लालमध्ये निळं मिसळून. सुपरवायझरनेच हर्षवर्धनला फोन केला. तो आला, कापड आणि छत बघितलं. मग म्हणाला, "साहेबांशी बोलतो, काका." मी त्याचा कागद घडी घालून त्याच्या खिशात ठेवला.

आता इमारतीत कणकेचा वास सुटलाय. आमच्या बाथरूमच्या वर-खालच्या रांगेतली सगळी घरं आपापले रंग शोधत आहेत. आल्बिनाताईंकडचे संपले.

तू सुखरूप असल्याचं कसंही करून कळव.

बाबा

❖

किन्नौर
८ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा, प्रिय आई,

मी ठीक आहे. रस्ता तीन आठवडे बंद होता, मोबाइलचा मनोरा पडला होता, आम्ही सगळे बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या बराकीत होतो. खायला होतं.

माझं जानेवारीचं पत्र वाटेत कुठेतरी पडून आहे आणि आता कधीतरी तुमच्याकडे पोचेल. त्यात मी लादी काढून प्रतिमा बाहेर घ्यायला सांगितलं आहे. ते करू नका. तुमची पद्धत माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. माझ्या पद्धतीने स्लॅब अखंड आहे एवढंच कळलं असतं. पाणी कुठून येतं ते तुमच्या पद्धतीने कळलं. माझ्या पत्रात आईचा विचार 'तिला आवडणार नाही' या तीन शब्दांत संपवला आहे. तुम्ही तिची अट धरूनच उपाय शोधलात.

निळी बाटली त्याच्याच हातात देण्याबद्दल. मला हे सुचलं नसतं. मी वाद घातला असता.

आता पुढचं. बाथरूम फोडल्यावर खालचा खोलगट भाग पूर्ण रिकामा करायला लावा. नाहीतर बिल्डरची माणसं नुसती वरची लादी बदलून पळतील. नवा थर दिल्यावर, लादी बसवण्याआधी, त्यात पाणी भरून ठेवायचं आणि खालचं छत कोरडं राहिलं तरच पुढचं काम. 'काम पूर्ण' असं लिहून द्यायची घाई ते करतील. घाई करू देऊ नका. तुम्ही करू देणार नाही, हे मला आता माहीत आहे.

घरात वाईट बोलायचं नसेल तर जिना आहेच. तिथे बसताना गरम काहीतरी अंगावर घ्या.

उन्नती

❖

आचोळे
१२ मार्च २०२५

चि. उन्नती,

तुझं जानेवारीचं पत्र काल मिळालं. पाकिटाची अवस्था बघून कोणत्या कार्यालयात पडून होतं ते मी ओळखलं. आईने ते वाचून घडी घातली आणि देव्हाऱ्याखाली ठेवलं. रागावलेली नाही. दाराबद्दलचा तुझा प्रश्न तिने मला दोनदा वाचून दाखवला.

हर्षवर्धनच्या साहेबांनी मान्य केलं आणि बाथरूम फोडलं. तू सांगितलंस तसं तळापर्यंत. त्यात काय निघालं सांगू? पाणी अडवणारा थर नावालासुद्धा नव्हता. विटांच्या तुकड्यांबरोबर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, गुटख्याच्या पुड्या आणि कोण्या गवंड्याची एक चप्पल. पाइपभोवती बोट जाईल एवढी मोकळी जागा. पाणी त्यातून उतरून तुळईच्या कडेने हॉलच्या कोपऱ्यात जात होतं. हर्षवर्धन बाजूला उभा होता. ती चप्पल बघून त्याने मान खाली घातली, आणि मला पहिल्यांदा त्याची दया आली. काम त्याच्या आधीच्या माणसाच्या वेळचं होतं, असं तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, मग आता तुमच्या वेळचं नीट करा.

त्याने केलं. नवा थर दिला, पाणी भरलं. दुसऱ्याच दिवशी तो सहीसाठी आला. मी म्हटलं, लाद्या बसू देत, उतार बघू, मग पुन्हा पाणी भरू. तो हसला, पण थांबला. या वेळी सुपरवायझरला पाठवलं नाही. स्वतः आल्बिनाताईंच्या हॉलमध्ये खुर्ची टाकून छताकडे बघत बसला. आल्बिनाताई शाळेतून आल्या, वह्या तपासायला घेतल्या आणि त्यालाही अर्धा गठ्ठा दिला. म्हणाल्या, नुसते बसलात ते बघवत नाही. इंजिनिअरने पाचवीच्या मुलांची गणितं तपासली. दोन चुकीच्या गणितांना बरोबरची खूण केली, ती त्यांनी पुन्हा तपासली.

छत कोरडं राहिलं. सही त्याने केली, मी नाही. नव्या कागदावर असं आहे: गळती बाथरूमच्या सदोष कामामुळे होती, ती कंपनीने दुरुस्त केली, आणि त्या रांगेतल्या प्रत्येक घराचं बाथरूम याच पद्धतीने तपासून देण्याची जबाबदारी कंपनीची. मी ते सभेत मोठ्याने वाचून दाखवलं. पोस्टात तारा वाचायचो तसा आवाज लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या मजल्यावरच्या बाई सगळ्यात जोरात.

काल आल्बिनाताईंनी आल्तार पुन्हा त्याच्या कोपऱ्यात मांडला आणि वटारहून फादरना बोलावून घराला आशीर्वाद घेतला. आम्ही दोघं पुढच्या खुर्च्यांवर होतो. फादरनी मंतरलेलं पाणी शिंपडलं, चार थेंब कोपऱ्यातही पडले. स्टॅनी माझ्या कानाशी म्हणाले, "मास्तर, या कोपऱ्यात आता एवढंच पाणी चालेल." मला हसू आवरेना. आईने मला चिमटा काढला.

तू कधी येतेस?

बाबा

ता.क. हे पत्र मी घरात बसून लिहिलं. गोण्या, पुड्या, चप्पल, सगळं.

❖

किन्नौर
२२ मार्च २०२५

ती. बाबा,

तुमच्या दोन पत्रांतला कामाचा भाग मी इथल्या प्रयोगशाळेत वाचून दाखवला, क्रम न बदलता. आधी हिरवा, मग लाल, मग समोरच्याच्या हाताने निळा. आमचे प्रमुख कडक आहेत, कोणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी विचारलं, ही तपासणी कोणत्या कंपनीच्या इंजिनिअरने केली? मी म्हटलं, निवृत्त पोस्टमास्तर आहेत, माझे वडील. त्यांनी कागद मागून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला.

मला हे बोलताना जे वाटलं ते लिहिण्याचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा खोडलं. समोर आल्यावर सांगेन, किंवा तुम्ही समजून घ्याल.

रजा मंजूर झाली आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येते. पिशवीत हातोडी आणि ओळंबा घेते आहे, सवय आहे. पण घरात आल्यावर मी काही तपासणार नाही. पहिल्या दिवशी तरी.

तुमची,
उन्नती